राखणीची तलवार

जपानमधल्या सेकी गावात तलवारींची म्याने करणारे निवा यांच्याकडे हागा त्या संध्याकाळी एक अगदी साधे काम घेऊन गेला होता. बाजारात त्याला एका जुन्या आखूड तलवारीचा साज मिळाला होता. लाखेचे म्यान, रेशमी दोऱ्याने विणलेली मूठ, मुठीपुढची नक्षीदार लोखंडी चकती, असे सगळे होते. पाते तेवढे नव्हते. आत काही नसले की असा साज खिळखिळा होतो, म्हणून पात्याच्या मापाचे लाकडी पाते तासून त्यात बसवतात. खरे पाते घरात असले तरी ते एरवी साध्या पांढऱ्या लाकडाच्या म्यानात विश्रांती घेत असते आणि साज लाकडाच्या आधाराने उभा राहतो. यात लपवाछपवीचे काही नाही. निवा यांनी पन्नास वर्षांत अशी शेकडो पाती तासली होती.

हागाबरोबर त्सुजी होती. ती तिथल्या संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी ठेवण्याचे काम करी. डिसेंबरची बारा तारीख होती. पाच वाजताच अंधार पडला होता.

निवा यांनी साज हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "याचं पातं कुठं आहे?"

हागा हसला. "काका, कुठं का असेना. आत बघतंय कोण?"

निवांनी साज खाली ठेवला. मग त्यांनी दोघांनाही शेगडीजवळ बसायला सांगितले. जे सांगणार ते आपल्या बाबतीत घडलेले नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले. ज्याच्या बाबतीत घडले त्याला ते ओळखत होते. त्याने स्वतः येऊन, याच फळ्यांवर कपाळ टेकवून, सारे सांगितले होते. "त्यातलं एक काम मात्र माझ्या हातचं आहे," ते म्हणाले. "म्हणून मान वर करून सांगता येत नाही."

त्या माणसाचे नाव कुरामोची शिनसाकु. वय पन्नाशीच्या जवळ. सेकीत एका छापखान्यात नोकरी आणि महिन्यातून एकदा तलवारींच्या रसिकमंडळात हजेरी. मंडळातले इतर सभासद आपापली तलवार घेऊन येत, रेशमी फडक्यावर ठेवून एकमेकांना दाखवत, वाकून नमस्कार करून हातात घेत. शिनसाकु चहा करी. "कुरामोची, चहा उत्तम झालाय हं," कोणीतरी म्हणे, "आता तलवार कधी दाखवताय?" आणि सगळे हसत. त्यात दुष्टपणा नव्हता. पण बारा वर्षे तेच हसू ऐकले की माणसाच्या आत काहीतरी आंबत जाते.

तलवार त्यांच्या घरात नव्हती असे नाही. वर इताडोरीच्या खोऱ्यात, नदीकाठच्या जुन्या घरी, त्याच्या थोरल्या भावाकडे एक होती. भावाचे नाव तोमोहिसा. शिनसाकुहून चौदा वर्षांनी मोठे. आई गेली तेव्हा शिनसाकु सहा वर्षांचा होता. त्याला वाढवले ते या भावाने. रात्री तो रडू लागला की तोमोहिसा ती आखूड तलवार काढत आणि मुठीवरच्या हिरव्या दोऱ्याखाली दडवलेल्या दोन सोन्याच्या गोगलगायी त्याला बोटाने चाचपायला देत. नखाएवढ्या त्या गोगलगायींच्या पाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. चकतीवर वाकलेली कणसे आणि त्यांखाली बसलेले लावा पक्षी होते. तोमोहिसांनी आयुष्यात एकच गोष्ट पुनःपुन्हा मागितली होती. आपण गेल्यावर, त्या खोऱ्यातल्या रीतीप्रमाणे, तलवार आपल्या छातीवर ठेवावी. मेलेले शरीर रिकाम्या घरासारखे असते, त्यात कोणीही शिरू पाहते. पोलाद असले की शिरत नाही. आणि काही जवळ आलेच, तर राखणीला बसलेल्या नातलगाने पाते तीन बोटे उघडून दाखवायचे. तेवढ्याने ते परत जाते.

मग तोमोहिसांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात बधिर झाला आणि उजवा पाय ओढत चालावे लागे. पात्याला तेल लावणे जमेना, तेव्हा त्यांनी धाकट्याला बोलावून तलवार त्याच्या स्वाधीन केली. वर्षातून दोनदा निगा राखून परत आणून दे, एवढेच सांगितले.

निवा म्हणाले की इथपर्यंत शिनसाकुच्या मनात काही वाईट नव्हते, असे तो स्वतः सांगतो, आणि ते खरे मानायला हरकत नाही. त्याने तलवार मंडळात नेली. पहिल्यांदाच चहा दुसऱ्या कोणी केला. नागोयाचे एक गृहस्थ त्या पात्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि नंतर त्यांनी त्याला बाजूला घेतले. त्यांच्याकडे एक लांब तलवार होती, प्रमाणपत्रासह. तिच्या बदल्यात त्यांना हे पाते हवे होते. शिनसाकु नाही म्हणाला. ते म्हणाले, "साज तुमच्याकडेच राहू द्या. मला फक्त पातं हवंय."

त्याला पाडले ते या एका वाक्याने. साज राहणार होता. बाहेरून काहीच बदलणार नव्हते.

प्रत्येक पात्याचे सरकारी नोंदणीपत्र असते आणि पाते दुसऱ्याला देताना तेही बरोबर द्यावे लागते. ते भावाच्या देव्हाऱ्याच्या खणात होते. पत्र नवे करून आणायचे आहे, असे सांगून त्याने ते मागून घेतले. तोमोहिसांनी डाव्या हाताने खण उघडून ते दिले आणि येण्याजाण्याचा त्रास होतो म्हणून त्याची माफीही मागितली. त्यानंतर शिनसाकु निवांकडे आला आणि लाकडी पाते तासायला सांगितले. खऱ्या पात्यासाठी पांढरे म्यान नागोयात करून घेत आहे, असे तो म्हणाला.

"ते म्यान माझ्याकडेच का नाही, हे माझ्या मनात आलं होतं," निवा म्हणाले. "गावात म्यान करणारा मी असताना नागोयाला कशाला? पण विचारलं नाही. होओच्या झाडाचं मऊ लाकूड घेतलं, तासलं, दिलं."

शिनसाकुने बांबूची खुंटी ठोकून साज त्यावर बसवला आणि तो भावाला परत दिला. लाकूड पोलादाहून फार हलके असते. कोणीही हातात घेताच ओळखेल. पण ज्या हाताने तोमोहिसा तलवार धरत त्या हाताला वजन कळत नव्हते. शिनसाकुने ते आधीच हिशेबात धरले होते. निवांपुढे कपाळ टेकवून त्याने बाकी सगळे एका दमात सांगितले. या वाक्यापाशी मात्र त्याला तीनदा थांबावे लागले.

तोमोहिसा गेले ते मागल्या वर्षीच्या नोव्हेंबरात, एकवीस तारखेला, गुरुवारी दुपारी. शिनसाकु बसने वर पोहोचला तेव्हा दिवस मावळला होता. वाटेत त्याने नागोयाला दोनदा फोन केला. एका रात्रीपुरते पाते द्या, हवे तर मी येऊन नेतो, उद्या परत आणून देतो. ते गृहस्थ सभ्यपणे म्हणाले की पाते त्यांनी उन्हाळ्यातच पश्चिमेकडच्या कोणाला तरी देऊन टाकले. आणि क्षणभर थांबून त्यांनी सांत्वनाचे दोन शब्दही सांगितले.

घरात शेजारीपाजारी जमले होते. तोमोहिसांना उत्तरेकडे डोके करून निजवले होते, चेहऱ्यावर पांढरे फडके होते. वहिनी, योशिए, चहा देत होत्या. शेजारचे म्हातारे हात्ता म्हणत होते, "तोमोहिसाला राखण कशाला? त्याच्या घोरण्याला अख्खं खोरं घाबरायचं." लोक हसले, वहिनीही हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

अंत्यविधीच्या दुकानातून आलेल्या माणसाने पेटीतून जरीच्या पिशवीतली एक छोटी तलवार काढली. हल्ली सगळीकडे हीच ठेवतात, असे तो म्हणाला. लाकडी असते, त्यामुळे दहनालाही अडचण येत नाही.

वहिनींनी हात आडवा केला. "नको. आमच्याकडे खरी आहे."

त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांवर तलवार घेऊन आल्या. त्यांनी ती आयुष्यात कधी हाती घेतली नव्हती. ती किती जड असायला हवी हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ती शिनसाकुपुढे धरली. "भाऊजी, तुम्ही ठेवा. त्यांना तुमच्याच हातून हवी होती."

सगळे पाहत होते. हात्तांनी हात जोडले. शिनसाकुने तलवार घेतली, जड वस्तू पेलावी तसे दोन्ही दंड ताठ केले आणि ती भावाच्या छातीवर ठेवली. मूठ हनुवटीकडे, टोक पायांकडे. हिरव्या दोऱ्याखालून एक गोगलगाय थोडी दिसत होती. त्याने नजर काढून घेतली.

रात्री राखणीला तो आणि वहिनी दोघेच उरले. मेणबत्ती आणि उदबत्ती विझू द्यायची नसते. एक वाजता त्याने वहिनींना जबरदस्तीने झोपायला पाठवले. वास्तविक त्याला एकटे राहायचे होते. भावाला सांगून टाकावे, असे त्याने ठरवले होते. तो गुडघ्यांवर बसला, वाकला, तोंड उघडले. ते पुन्हा मिटले. जिवंत असताना ज्याची क्षमा मागितली नाही, त्याची आता मागणे हीसुद्धा एक सोयच, असे त्याला वाटले.

एक चाळीसला त्याने नवी उदबत्ती लावली. वेळ त्याला ठाऊक होती, कारण त्याने घड्याळ पाहून हिशेब केला होता की ही सव्वादोनपर्यंत पुरेल.

एक पंचेचाळीसला ती संपली होती.

त्याने दुसरी लावली. तीही भराभर जळत गेली. कोणीतरी दुसऱ्या टोकाने ओढत असल्यासारखी. मेणबत्तीची ज्योत भावाच्या शरीराकडे झुकली. खोलीत वारा नव्हता.

मग त्याच्या ध्यानात आले की नदीचा आवाज येत नाही.

त्या घरात जन्मलेल्या माणसाला नदी ऐकू येत नाही. ती थांबली, तरच ऐकू येते. ती थांबली होती. त्या शांततेत अंगणातल्या पाचोळ्यावर पाऊल पडले. एक. बऱ्याच वेळाने दुसरे. ते घराभोवती फिरत होते. स्वयंपाकघराची बाजू. न्हाणीची बाजू. घाई नव्हती. कुठून आत यायचे ते पाहत असावे...

फेरी पुरी झाली. दुसरी सुरू झाली. या वेळी पाऊल पाचोळ्यावर नव्हते. ओसरीच्या फळ्यांवर होते.

उत्तरेकडच्या कागदी दारापाशी ते थांबले.

दाराचा कागद आत फुगला. हळूच. कोणीतरी कपाळ टेकवावे, तसा. ओल्या मातीचा वास आला. कागद फाटला नाही. फक्त फुगत राहिला...

काय करायचे ते शिनसाकुला ठाऊक होते. सहाव्या वर्षापासून ठाऊक होते. तलवार उचलायची. तीन बोटे उघडायची. पोलाद दाखवायचे.

त्याने हात पुढे केला. मूठ धरली. अंगठा चकतीला लावला.

आणि तसाच बसून राहिला.

दाखवायला त्याच्याकडे काही नव्हते.

दारापलीकडे जे होते त्याने बहुधा वाट पाहिली. किती, ते त्याला सांगता येत नाही. मग दार सरकले. एक वीतभर. त्याने हात मागे घेतला... निवांनी हे नीट ऐकवले. शिनसाकुने हात मागे घेतला. भावाच्या छातीवरून. आणि तो सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला.

मेणबत्ती विझली.

अंधारात एक बारीक आवाज झाला. म्यानाच्या तोंडातून पाते सुटते, तो. त्याने तो लहानपणी हजारदा ऐकला होता.

त्याचा हात तलवारीवर नव्हता.

मग... ठक.

लाकडावर काहीतरी आपटले. कोरडा आवाज. पुन्हा. चटईवर पाय घासले. एका पायावर जोर देऊन, दुसरा ओढत. झटक्यानंतर दोन वर्षे तो चालण्याचा आवाज त्या घरात घुमत होता. ठक. कोणी ओरडत नव्हते. कोणी बोलत नव्हते. फक्त श्वास. एकाचाच. ठक...

"दादा," शिनसाकु म्हणाला. चटईत तोंड खुपसून म्हणाला. "दादा, लाकूड आहे ते. पातं मी देऊन टाकलं. लाकूड आहे."

आवाज थांबला.

श्वासही थांबला.

असे वाटले की अंधारात कोणीतरी वळून त्याच्याकडे पाहते आहे. बराच वेळ...

मग पाय पुन्हा फिरले. दाराकडे. ठक.

वहिनी चारला उठून आल्या. त्यांनी दिवा लावला तेव्हा दार बंद होते. फडके चेहऱ्यावर होते. तलवार छातीवर, म्यान घट्ट मिटलेले. शिनसाकु भिंतीशी होता. नदी वाहत होती. विझलेल्या उदबत्तीकडे पाहून वहिनी म्हणाल्या की डोळा लागला असेल, चालायचंच, तुम्ही दमला होतात.

शनिवारी दहनाच्या आधी शवपेटी बंद करताना तलवार काढून घेतात. वहिनींनी ती सगळ्यांसमोर शिनसाकुला दिली. आता ती त्याची, असे म्हणाल्या. त्याने ती घेतली नाही. सगळे बाहेर जाईपर्यंत तो थांबला आणि मग त्याने त्यांना सांगितले. पाते दिल्याचे, नोंदणीपत्राचे, लाकडाचे. रात्री हात मागे घेतल्याचेही.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी हातातल्या तलवारीकडे पाहिले आणि ती किंचित वरखाली करून पाहिली.

"दुकानवाला त्याची लाकडाची देत होता," त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं."

एवढेच. मग त्यांनी ती चटईवर ठेवली आणि हातांनी नव्हे, किमोनोची लांब बाही पुढे करून त्याच्याकडे सरकवली. त्यानंतर त्या शिनसाकुशी बोललेल्या नाहीत. वर्षश्राद्धालाही त्याला निरोप नव्हता.

दुसऱ्याच दिवशी शिनसाकु ती घेऊन निवांकडे आला. उघडण्याची त्याला हिंमत नव्हती. निवांनी उघडली. खुंटी काढून लाकूड मोकळे केले तेव्हा त्याच्या धारेवर घाव होते. पाठीवर एकही नाही. म्यानाला आतून बाहेरून ओरखडा नव्हता. हत्यार कोणते, ते निवांना सांगता आले नाही, आणि कशाचाही अंदाज बांधायला त्यांनी नकार दिला. लाकूड मऊ आहे, इतके सहज कापले जाते की ते पहिल्याच घावाला तुटायला हवे होते, एवढेच ते म्हणाले.

"तो आता लांब तलवार परत करून, दर सुट्टीला पश्चिमेकडं जातो. पातं शोधतो. अजून मिळालेलं नाही. मिळालं की या साजात बसवून थडग्यावर न्यायचंय. तोवर हे माझ्याकडं ठेवलंय. तासलं मीच होतं."

हागा खाली पाहत होता. त्याने विचारले, पण गेलेला माणूस तर गेला, दहन झाले, आता राखायचे काय उरले?

"ते मला माहीत नाही," निवा म्हणाले. "पण शिनसाकुला घाई आहे. ती कसली, हे मी त्याला विचारलेलं नाही."

त्सुजीने ते पाहता येईल का, असे विचारले. निवा उठले. मागच्या फळीवरून त्यांनी एक लांबट पुडके काढले, फडके सोडले आणि लाकडी पाते शेगडीच्या उजेडात तिच्यापुढे ठेवले. साज त्यांनी वेगळा ठेवला होता. आले त्या दिवशी अकरा घाव होते, असे ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी फडके बांधले, ते आज सोडत होते.

त्सुजीने सवयीने वाकून नमस्कार केला. मग एका टोकापासून बोट न लावता तिने मोजायला सुरुवात केली. मध्येच ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. हागाने तिच्याकडे पाहिले.

"चौदा," ती हळूच म्हणाली.

निवांनी शेगडीतले निखारे वर सारले.

वर्षभरात लाकूड मधाच्या रंगाचे झाले होते आणि अकरा घावही आतून त्याच रंगाचे होते. मुठीच्या बाजूचे तीन मात्र पांढरे होते. त्यांतल्या शेवटच्या घावाच्या तोंडाशी लाकडाची एक ताजी, ओलसर ढलपी अजून सुटलेली नव्हती.